स्मिथ नावाचा कैदी जिप्सी होता का? तुरुंगाच्या दप्तरातून मूळपुरुषाचा शोध

मेलबर्नच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "माझे पती ऑस्ट्रेलियन आहेत. त्यांच्या आजी सांगायच्या की आपला मूळपुरुष इंग्लंडमधला जिप्सी, घोडा चोरला म्हणून त्याला टास्मानियाला धाडलं. आडनाव स्मिथ. आमच्याकडे त्याचा 1874 चा व्हिक्टोरिया प्रांतातला मृत्यूचा दाखला आहे. टास्मानियाच्या दप्तरात त्याच नावाच्या कैद्याचं एक पानही सापडलं, पण त्यावर जिप्सी हा शब्द कुठेच नाही. मग आजींचं म्हणणं खोटं समजायचं का? आणि पुढे शोधायचं कुठे?"

ताई, पानावर तो शब्द नाही यावरून काहीही ठरत नाही. मी 20 वर्षांहून जास्त काळ टास्मानियात होबार्टला राहून कैद्यांची दप्तरं वाचते आहे. ज्यांचं जिप्सी असणं इतर चार पुराव्यांनी पक्कं झालं, अशा बहुतेक कैद्यांच्या पानावरही तो शब्द मला दिसला नाही. बंदरावर बसलेल्या कारकुनाला उंची, वय, धंदा, धर्म, गुन्हा आणि जन्मगाव लिहायचं होतं. माणूस कुठल्या लोकांतला, हे विचारणारा रकानाच त्याच्यापुढे नव्हता. एखाद्याने शेऱ्यात लिहिलं तर आपलं नशीब.

यामागे कायद्याचाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये 1530 पासून या लोकांविरुद्ध कायदे होते. त्यांचे पूर्वज खरे भारतातून गेलेले, पण ते इजिप्तहून आले असा समज होता, म्हणून कायद्यात त्यांना 'इजिप्शियन' म्हटलं, आणि त्याचाच अपभ्रंश जिप्सी. 1562 च्या कायद्याने तर त्यांच्यात नुसतं राहणं हाही फाशीचा गुन्हा ठरवला. तो कायदा 1783 मध्ये रद्द झाला. कैद्यांच्या जहाजांचा पहिला तांडा सिडनीला पोचला 1788 मध्ये. म्हणजे ऑस्ट्रेलियाला माणसं पाठवायला लागेपर्यंत 'इजिप्शियन असणं' हा गुन्हा उरलाच नव्हता, आणि म्हणून खटल्याच्या कागदावर तसं लिहायची गरजही उरली नव्हती. पुढे त्रास झाला तो आडवाटेने. 1824 च्या भटकेपणाच्या कायद्याखाली तंबूत किंवा गाडीखाली झोपणं, उपजीविकेचं दिसेल असं साधन नसणं आणि भविष्य सांगणं यासाठी तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. 1835 च्या रस्ते कायद्याने रस्त्याच्या कडेला तंबू ठोकणाऱ्या जिप्सीला 40 शिलिंगांपर्यंत दंड ठेवला. या शिक्षा स्थानिक तुरुंगातल्या. त्यांसाठी कोणाला समुद्रापार पाठवत नसत. त्यासाठी घोडा, मेंढी, कपडे, कोंबड्या, खोटी नाणी असलं काही लागायचं.

पण याच छोट्या शिक्षा आपल्या कामाच्या आहेत. तुमच्याकडचं पान पुन्हा उघडा आणि गुन्ह्याच्या खालचा मजकूर भिंग घेऊन वाचा. टास्मानियात पुरुषांच्या वर्तनाच्या वह्या दोन मोठ्या मालिकांत आहेत. 1843 पर्यंतच्या जुन्या पद्धतीच्या वह्या सीओएन 31 या क्रमांकाखाली आहेत आणि 1840 नंतरच्या नव्या पद्धतीच्या सीओएन 33 खाली. बायकांच्या वह्या सीओएन 40 आणि 41. त्यात 'तुरुंगाचा अहवाल', 'हल्कचा अहवाल' (हल्क म्हणजे टेम्स नदीत किंवा पोर्टस्मथला नांगरलेली जुनी जहाजं, त्यांत कैदी ठेवत) आणि कैद्याने स्वतः कबूल केलेल्या आधीच्या शिक्षा असतात. तिथे 'भटकेपणासाठी 14 दिवस', 'बाहेर झोपल्याबद्दल एक महिना', 'नातेवाईक वाईट' अशी वाक्यं दिसली, की मी तिथे थांबते. एकट्या वाक्याने काही सिद्ध होत नाही, कारण बेकार शेतमजूरही उघड्यावर झोपत. पण शोधाला दिशा मिळते.

मग धंद्याचा रकाना. टोपल्या विणणारा, खुर्च्यांच्या बैठका विणणारा, कल्हईवाला, सुऱ्यांना धार लावणारा, घोड्यांचा दलाल, फिरता विक्रेता, फिडल वाजवणारा हे धंदे जिप्सी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत. इथेही एक अडचण आहे. वसाहतीला शेतमजूर हवे होते हे कैद्यांनाही कळत होतं. त्यामुळे टोपल्या विणणारे कितीतरी जण शेतमजूर म्हणून नोंदले गेले असणार.

रंगरूपाच्या रकान्याला नवखे लोक सगळ्यात जास्त भुलतात. 'वर्ण काळसर, डोळे काळे, केस काळे' एवढं वाचून एका कुटुंबाने पूर्ण वंशावळ छापून घेतल्याचं मी पाहिलं आहे. उन्हात राबणाऱ्या केंटच्या शेतकऱ्याचाही वर्ण त्या कारकुनाने काळसरच लिहिला असता. मी रंगाला अर्धा गुणही देत नाही. गोंदणाला मात्र देते. अंगावर कुठे काय गोंदलं आहे हे टास्मानियाचे कारकून बारकाईने लिहीत, कारण पळालेल्या कैद्याची ओळख त्यावरून पटे. उजव्या दंडावर आठ-दहा आद्याक्षरं असली तर ती बहुतेक वेळा आईबाप, भावंडं, बायको, मुलं यांची असतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने घरची माणसं कातडीवर गोंदवून नेली होती. ती अक्षरं वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, पुढे लागतील.

त्याच जहाजाची नोंदवही वेगळी असते, पुरुषांसाठी सीओएन 14 आणि बायकांसाठी सीओएन 15. तीही काढा. नंतरच्या वर्षांत तिच्यात नातेवाइकांची नावं आणि ते कुठे राहतात हे लिहिलेलं असतं. 'एन. पी.' अशी अक्षरं दिसली तर अर्थ 'जन्मगावी'. हे सगळं टास्मानियाच्या सरकारी ग्रंथालयाच्या नामसूचीत घरबसल्या, फुकट, मूळ पानांच्या छायाचित्रांसह मिळतं. ऑस्ट्रेलियाची कैद्यांची दप्तरं 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत गेली. एवढ्या सामान्य माणसांची एवढी बारीक वर्णनं त्या काळातली दुसरीकडे फारशी नाहीत.

आता तुमच्या शोधातला सगळ्यात कच्चा दुवा. 1874 ला व्हिक्टोरियात वारलेला स्मिथ आणि टास्मानियाच्या पानावरचा स्मिथ एकच, हे तुम्ही कशावरून धरलं? नाव आणि अंदाजे वय, एवढ्यावरच ना? स्मिथ हे इंग्लंडमधलं अगदी सामान्य आडनाव, आणि जिप्सींमध्येही तितकंच सामान्य. वसाहतीत माणसाची खरी ओळख नाव आणि जहाज मिळून होत असे. जन्मभर, अगदी सुटका झाल्यावरही, 'अमुक जहाजाने आलेला अमुक' असंच त्याला लिहीत. तेव्हा आधी जहाजाचं नाव पक्कं करा. एकाच जहाजाच्या अनेक फेऱ्या झाल्या असतील तर कितवी फेरी तेही.

व्हिक्टोरियाचे 1853 नंतरचे मृत्यूचे दाखले फार उदार आहेत: आईबापांची नावं, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलांची नावं व वयं, कुठल्या वसाहतीत किती वर्षं काढली. त्यावरून उलटं चाला. सगळ्यात मोठं मूल टास्मानियात जन्मलं असेल तर तिथली जन्मनोंदणी 1838 च्या डिसेंबरपासून आहे. कैद्याला लग्नासाठी परवानगी मागावी लागे. त्या अर्जांची वही सीओएन 52, आणि तिच्यात वधू-वर दोघांच्या जहाजांची नावं सापडतात. सुटल्यावर तो लॉन्सेस्टन बंदरातून मेलबर्नकडे गेला असेल (1851 ला सोनं सापडल्यावर हजारो गेले), तर निघणाऱ्यांच्या याद्यांत तो मूळ कुठल्या जहाजाने वसाहतीत आला हे लिहिलेलं असू शकतं. दाखल्यातली बायको, मुलाचा जन्म, लग्नाची परवानगी आणि जहाज ही साखळी जुळली तरच तो तुमचा माणूस. ती जुळेपर्यंत इंग्लंडकडे वळू नका, ही कळकळीची विनंती. भलत्याच स्मिथच्या मागे तीन-तीन वर्षं घालवलेली माणसं माझ्याकडे येतात. तीन वर्षांनी ते कागद बाजूला ठेवायला सांगताना मलाही जड जातं.

साखळी जुळली की इंग्लंडच्या कागदांकडे. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याच्या मालिका आहेत. एचओ 27 मध्ये परगण्यांनुसार आरोपींच्या नोंदी, एचओ 9 मध्ये हल्कच्या वह्या, एचओ 11 मध्ये जहाजांनुसार पाठवलेल्यांची यादी. यांतून खटल्याचं ठिकाण आणि तारीख मिळते, बाकी फार नाही. एचओ 17 आणि एचओ 18 मात्र चुकवू नका. तिथे 1819 ते 1854 या काळातले दयेचे अर्ज आहेत. घोडाचोरीला 1832 पर्यंत फाशी होती आणि बहुतेक वेळा ती जन्मठेपेवर येई, त्यामुळे अर्ज करणारे बरेच. बायकोने, भावाने कोणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज, खाली ओळखीच्या शेतकऱ्यांच्या सह्या, 'हा माणूस दर हंगामात आमच्याकडे कामाला येतो' असं काहीतरी. त्यातून कुटुंब वर्षाच्या कुठल्या महिन्यात कुठे असे, हेही हाती लागतं.

खटला मोठ्या फिरत्या कोर्टापुढे झाला की परगण्याच्या तिमाही कोर्टापुढे, हे पाहून कागद क्यूला की परगण्याच्या दप्तरखान्यात ते ठरतं. लंडनचा असेल तर ओल्ड बेली या तिथल्या फौजदारी कोर्टाचे 1674 ते 1913 चे खटले ऑनलाइन वाचता येतात. परगण्याच्या तुरुंगांच्या वह्या बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. डॉर्चेस्टर तुरुंगाच्या 1782 ते 1901 च्या आहेत. तिथे तुमच्या स्मिथच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी वाचायला विसरू नका. माझ्या सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. एकटा माणूस शोधून जिप्सी असणं सिद्ध होत नाही, त्याच्याबरोबर पकडलेली माणसं शोधावी लागतात. त्याच दिवशी, त्याच गावाहून, भटकेपणासाठी आत आलेली बकलंड नावाची बाई, लव्हरिज नावाचा पोरगा, आयर्स नावाचा म्हातारा अशी ओळीने नावं दिसली, तर तो एकच तळ पोलिसांनी उठवला असण्याची शक्यता मोठी. ली, बॉसवेल, हर्न, स्टॅन्ली, कूपर, लव्हेल, लॉक, ग्रे, स्कॅम्प, वेल्समध्ये वुड, स्कॉटलंडच्या सीमेवर फा आणि बेली ही आडनावं सुटी पाहिली तर साधीच. एकाच पानावर तीन-चार जमली की त्यांना अर्थ येतो.

नावांच्या बाबतीत आणखी एक. चर्चमध्ये लग्न न करता आपल्या रिवाजाने घर मांडण्याची पद्धत होती. म्हणून तोच मुलगा एका गावी आईच्या आडनावाने, दुसऱ्या गावी बापाच्या आडनावाने सापडतो. कोर्टाच्या कागदात 'उर्फ' दिसलं की लोक लगेच बदमाश समजतात. बहुतेक वेळा ते आईबापांचं नुसतं जोडनाव असतं. आणि आडनाव जितकं साधं, तितकी पहिली नावं वेगळी: सिन्फी, केझाया, ब्रिटानिया, प्लेटो, रायली, लिबर्टी, नेप्च्यून. गोंदणातली आद्याक्षरं उतरवून घ्यायला सांगितलं ते यासाठी. 'बी' आणि 'के' अशी अक्षरं असली आणि चर्चच्या नोंदीत स्मिथांच्या घरी ब्रिटानिया व केझाया सापडल्या, तर पुरावा एकदम वजनदार होतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पाद्री कधी 'जिप्सीचा मुलगा' लिही, कधी 'प्रवासी', 'कल्हईवाला', 'तंबूत राहणारे'. भावंडं पाच वेगळ्या गावांत, कधी पाच वेगळ्या परगण्यांत नोंदलेली असतात. कैद्याने सांगितलेलं जन्मगाव म्हणजे बाप्तिस्म्याचं गावच असेल असं नाही. भोवतालची 20-25 मैलांतली सगळी गावं पाहा. जनगणनेवर फार विसंबू नका. 1841 आणि 1851 ला तंबूत व उघड्यावर राहणाऱ्यांचा बऱ्याच ठिकाणी नुसता आकडा लिहिला गेला, नावं नाहीत.

कोर्टाच्या कागदातून एखाद्या कुटुंबाची वाट किती स्पष्ट दिसू शकते, याचं माझ्या मनात घर करून राहिलेलं उदाहरण 1753 चं आहे. एलिझाबेथ कॅनिंग नावाची 18 वर्षांची मोलकरीण महिनाभर नाहीशी झाली. परत आल्यावर तिने लंडनजवळच्या एन्फील्ड वॉशच्या एका घरात आपल्याला डांबलं असं सांगितलं. मेरी स्क्वायर्स या म्हाताऱ्या जिप्सी बाईवर तिने बोट ठेवलं आणि त्या बाईला फाशीची शिक्षा झाली. लंडनचे तेव्हाचे महापौर क्रिस्प गॅस्कॉइन यांना शंका आली. त्यांनी चौकशी केली तेव्हा डॉर्सेटच्या अ‍ॅबट्सबरी गावातली माणसं पुढे आली: त्या दिवसांत ही बाई मुलगा-मुलीसह आमच्या गावात होती. स्क्वायर्सला माफी मिळाली. 1754 मध्ये कॅनिंगवरच खोट्या साक्षीचा खटला चालला, तिला 7 वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं. त्या खटल्यात साक्षीदारांनी गावागणिक सांगितलं: इथे उतरले, इथे कापड विकलं, इथे नाचगाणं झालं. मला तो मजकूर वाचताना दर वेळी भरून येतं. एका म्हातारीचा जीव वाचवण्यासाठी खेड्यातल्या साध्या लोकांनी एका जिप्सी कुटुंबाचा हिवाळ्यातला प्रवास कागदावर आणला. तुरुंगाच्या पानांवर हे लोक नेहमी त्यांच्या सर्वांत वाईट दिवशी भेटतात. इथे ते शेजाऱ्यांच्या तोंडून भेटतात. तुमच्या स्मिथच्या खटल्याची स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी शोधा, साक्षी त्यात असतात. ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांसाठी राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह आहे, तेही फुकट.

गरिबांच्या कायद्याखालच्या जबान्याही पाहा. बायको-मुलं मागे राहिली की ती कुठल्या गावाच्या गळ्यात पडणार, यावरून गावं भांडत आणि बाईची जबानी घेत: कुठे जन्मले, नवरा कोण, तो कुठे पाठवला गेला. नवरा समुद्रापार गेल्याचं त्यात स्पष्ट सापडू शकतं. जिप्सींच्या रोमानी बोलीत समुद्रापार पाठवण्याच्या शिक्षेला शब्द होता 'बिचाडे पाउडल', म्हणजे पलीकडे धाडलेला. मागे राहिलेल्यांच्या भाषेत तो माणूस मेलेला नव्हता, पलीकडे होता.

तुम्ही मराठी आहात म्हणून एक गोष्ट सांगते. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला शाळेत एका ओळीत शिकवतात. सोलापूरच्या वसाहतीच्या तारा, पारधी-कैकाडी कुटुंबांची हजेरी, 1952 ची मुक्तता हे ज्यांनी घरात ऐकलं आहे, त्यांना पोलिसांच्या दप्तरात 'सराईत' हा शब्द कसा येतो ते समजावून सांगावं लागत नाही. तीच जाणीव ठेवून इंग्लंडची पानं वाचा. 'सराईत भटका' असं लिहिलं असेल तर लिहिणारा कोण होता हे विसरू नका. आणि उलटही: त्याने खरोखर घोडा चोरला असेल तर तेही लपवू नका. ज्याचा घोडा गेला तोही बहुधा गरीबच होता.

वसाहतीत स्थिरावलेल्यांबद्दल थोडं. सर्वांत प्रसिद्ध नाव जेम्स स्क्वायर यांचं. किंग्स्टनचे, कोंबड्या चोरल्याबद्दल 7 वर्षांची शिक्षा, 1788 च्या पहिल्या तांड्यातून सिडनीला. पुढे सिडनीजवळच्या किसिंग पॉइंटला त्यांनी हॉप्स पिकवले आणि बिअरचा मोठा धंदा उभारला. त्यांचा नातू जेम्स स्क्वायर फार्नेल 1877 ला न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री, झाला. बेनेलॉन्ग या आदिवासी पुढाऱ्याला 1813 मध्ये त्यांच्याच बागेत पुरलं. ते जिप्सी होते असं सगळीकडे छापलेलं असतं. मला मात्र तो पुरावा अजून पुरेसा वाटत नाही. एवढ्या प्रसिद्ध माणसाचं हे, तर आपण आपल्या स्मिथबद्दल किती जपून लिहावं! स्वखुशीने आलेल्यांच्या जहाजयाद्यांत तर ओळखीची खूण आणखी कमी. तिथे शोध जवळजवळ पूर्ण इंग्लंडच्या बाजूने करावा लागतो, आणि रोमनी व प्रवासी कुटुंबांच्या इतिहासाची तिथली संस्था त्यासाठी सगळ्यात उपयोगी.

डीएनए चाचणीचं तुम्ही विचारलं नाही, पण विचारालच. खापरपणजोबाच्याही वडिलांपर्यंत म्हणजे पाच पिढ्या. त्या पिढीतल्या एकाचा वाटा सरासरी 3 टक्के येतो, आणि इंग्लंडची जिप्सी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इतरांत मिसळलेली असल्याने त्यातला भारताकडचा अंश कित्येकदा मोजण्याइतकाही उरत नाही. 'दक्षिण आशिया शून्य' आलं म्हणून आजींना खोटं पाडू नका. त्यापेक्षा जुळणाऱ्या दूरच्या नातेवाइकांच्या झाडांत बकलंड, लव्हरिज, स्कॅम्प दिसतात का ते पाहा. फक्त हे लोक आपसांत लग्नं करत, म्हणून चाचणी नातं असतं त्याहून जवळचं दाखवते.

आता शेवटचं काम, आणि ते तुमच्या घरात तुम्हालाच जमेल. पतीच्या नात्यातली सगळ्यात वयस्कर बाई जिवंत असेल तर तिच्याशेजारी बसा आणि घरात कुठले 'विचित्र शब्द' वापरत होते ते विचारा. नुसतं 'पानी' ऐकून हुरळू नका. तो शब्द हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या शिपायांनीही तिकडे नेला होता. पण नाकाला 'नोक', कानाला 'कान', सापाला 'साप', मांसाला 'मास', काळ्याला 'कालो', मागण्याला 'मोंग', सुरीला 'चुरी', शिवाय घोड्याला 'ग्राय' आणि परक्या माणसाला 'गॉजो' असे पाच-सहा शब्द एकत्र मिळाले, तर ते शिपायांचे नाहीत, तंबूतले आहेत. तुमच्या पतींना ते लहानपणी निरर्थक वाटले असतील. सांगलीचा असो की नागपूरचा, मराठी कान त्यांतले बहुतेक पहिल्या झटक्यात ओळखेल. फोनवर ध्वनिमुद्रण करा, कोणी, कुठे, कधी सांगितलं ते लिहा आणि जहाजाचं नाव पक्कं झालं की दोन्ही माझ्याकडे पाठवा. वर्तनाच्या वहीचं पान मी तुमच्याबरोबर ओळ न्‌ ओळ वाचेन.